भिंतीवर चढलेलं घोंगडं

‘भिजत घोंगडं’ हा शब्दप्रयोग ज्याने पहिल्यांदा केला, तो माणूस बहुधा घाटमाथ्यावरचा असावा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो. प्लास्टिकचे कागद खेड्यापाड्यांत पोचण्याआधी मावळात भाताची आवणी करणाऱ्याच्या पाठीवर एक तर इरलं असायचं, नाहीतर घोंगड्याची खोळ. लोकरीला अंगचा ओशटपणा असतो, त्यामुळे झिमझिम घोंगड्यावरून ओघळून जाते. संततधार लागली की मात्र घोंगडं पाणी पितं, जड होतं आणि धुरकट घरात चार-चार दिवस वाळत नाही. पण ओलं झालेलं घोंगडंही ऊब देतं. नायलॉनला ही गोष्ट अजून जमलेली नाही.

टॅपेस्ट्री या भारदस्त शब्दाकडे जाणारी आपल्याकडची वाट या ओल्या घोंगड्यावरूनच जाते, असं मला वाटतं. टॅपेस्ट्री म्हटलं की डोळ्यांपुढे युरोपातले राजवाडे येतात, दगडी भिंतीवरून जमिनीपर्यंत लोंबणारी शिकारीची दृश्यं येतात. तंत्र म्हणून पाहिलं तर मामला सोपा आहे. साध्या विणीत आडवा धागा, म्हणजे बाणा, या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि परत येतो. टॅपेस्ट्रीत लाल बाणा लाल आकाराच्या हद्दीपर्यंतच जातो आणि तिथून माघारी वळतो. शेजारचा हिरवा आपल्या हद्दीत येरझाऱ्या घालतो. ताणा खाली दडून जातो आणि दिसतो तो फक्त बाणा. हे चित्र कापडावर रंगवलेलं नसतं, भरतकामासारखं वरून टाचलेलंही नसतं. कापड होता होता चित्र होत जातं. ते पुसायचं म्हटलं तर कापडच उसवावं लागेल.

हे वर्णन ऐकून येवल्याचा किंवा पैठणचा विणकर म्हणेल, ‘अहो, मग आम्ही दुसरं काय करतो?’ त्याचं बरोबर आहे. पैठणीच्या पदरातला मोर किंवा बांगडीमोर असाच विणला जातो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, ती आकाराच्या कडेपर्यंत न्यायची, शेजारच्या जरीच्या धाग्याला अडकवून माघारी फिरवायची. दोन रंगांच्या सीमेवर धाग्यांची ही कडी पडते म्हणून फट राहत नाही आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. जड पदराचं काम इंचाइंचाने पुढे सरकतं. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या सोन्याच्या जरीच्या आणि लग्नाच्या बस्त्याच्या होत्या. मराठी घरातल्या कपाटात घडी घालून ठेवलेली ती वस्तू विणीच्या दृष्टीने पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातल्या पडद्यांची सख्खी बहीण आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. एक भिंतीवर गेली, एक खांद्यावर राहिली.

गोबलँचा कारखाना सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या सरकारने ताब्यात घेतला, आणि तिथे एक गोष्ट पक्की झाली. चित्र काढणार चित्रकार आणि ते विणणार विणकर. पुढे तर चित्रातली प्रत्येक छटा लोकरीत उतरवण्याच्या हट्टापायी तिथल्या रंगशाळेत हजारो छटा तयार होऊ लागल्या. विणकर हा नक्कल करणारा हात झाला. घोंगडं विणणाऱ्या सनगराला किंवा गोधडी शिवणाऱ्या बाईला ही विभागणी समजलीच नसती. कुठल्या रंगाशेजारी कुठला घ्यायचा हे तिच्या हातात सुई असतानाच ठरतं. गेल्या शतकात ‘आधुनिक टॅपेस्ट्री’ म्हणून जे घडलं, त्याचा गाभा मला एवढाच वाटतो: रेघ मारणारा आणि धोटा टाकणारा पुन्हा एक झाले. लोककलेत ते कधी वेगळे झालेच नव्हते.

आता घोंगड्याकडे परत येऊ. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुतेक काळी. ती कातरायची, पिंजायची, धनगर बायकांनी कातायची. मग सनगर समाजाच्या मागावर ते सूत चढतं. ताण्याला चिंचोक्याची खळ लावली नाही तर हे राठ सूत मागावर तुटत राहतं. खळ लावून, कुंच्याने घासून, उन्हात ताणून ताणा कडक करायचा, मग जमिनीत खणलेल्या खड्डामागावर विणायचा. रंगकाम नाही. काळ्या लोकरीत मध्येच करडी, पांढरी पट्टी येते ती मेंढीच्या अंगच्या रंगाची. काठाला तेवढा एखादा रंगीत धागा. खंडोबाच्या, बिरोबाच्या जागरणाला हेच अंथरतात. कळपामागे चालणाऱ्या मेंढपाळाचं ते अंथरूण, पांघरूण, रेनकोट आणि अडीनडीला झोळीसुद्धा. दिवाळीनंतर माणदेशाकडून पश्चिमेला सरकणारे कळप शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवले जातात. त्या मुक्कामात माणसाचं घर म्हणजे घोंगडं पसरलं तेवढी जागा.

मावळ हा तसा मागांचा मुलूख नव्हे, भाताचा मुलूख. तरी कापडाशी त्याचं नातं जुनं आहे आणि ते फार अनपेक्षित ठिकाणी सापडतं. कार्ल्याच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तिथल्या भिक्षूंसाठी त्याने करजिक नावाचं गाव दान दिलं. याच उषवदाताचा नाशिकच्या लेण्यातला लेख आणखी बारकाईने बोलतो. गोवर्धन इथल्या विणकरांच्या, म्हणजे कोलिकांच्या, एका श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण ठेव ठेवली, दरमहा एक टक्का व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवले, पाऊण टक्क्याने. मुदलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी मिळायचे. हिशेब करून पाहा, बरोबर जमतो. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी विणकरांच्या संघटना बँकेचं काम करत होत्या आणि त्यांच्यावर राजाच्या जावयाचा भरवसा होता.

चिवर म्हणजे तुकडे जोडून शिवलेलं वस्त्र. विनयपिटकात त्याची एक छान हकीकत आहे. मगधातली बांधबंदिस्ती केलेली भातखाचरं पाहून बुद्धांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंसाठी असं वस्त्र बेतता येईल का? आनंदाने खाचरं आणि बांध यांचा आराखडा कापडात उतरवला. कार्ला, भाजे आणि बेडसे या तिन्ही लेण्यांच्या पायथ्याशी आज भातखाचरं आहेत. भाज्याच्या पायऱ्या चढून मागे वळून पाहिलं की खाली पसरलेलं ते ठिगळकाम आनंदाच्या डोळ्यांनी दिसतं. यातून चिवर आणि मावळातली गोधडी यांचा अखंड वारसा सिद्ध होत नाही, आणि तसा दावा कुणी केला तर त्याच्याकडे जरा संशयानेच पाहावं. फाटलेल्या कापडाला चौकोनात आणून पुन्हा कामाला लावण्याची बुद्धी दोन्हीकडे आहे, इतकंच.

गोधडीचा खरा वारसा मला दुसरीकडे दिसतो, आणि तो लोणावळ्याच्या तळ्यांमधून येतो. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी १९११ मध्ये लोणावळ्यात झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवलं. ते नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून तिथली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. पर्यटक ज्या पाण्याकाठी भुट्टा खातात, ते पाणी गिरणगावातले माग चालवण्यासाठी साठवलेलं होतं. टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध शेजारच्या मुळशी खोऱ्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला, हा इतिहास शाळेत शिकवतात. पाण्याचं कापड झालं, ही बाजू सहसा सांगत नाहीत.

मावळच्या पावसाची वीज झाली, विजेवर गिरणीचं लुगडं निघालं. गिरणीत राबायला घाटावरचीही माणसं उतरली आणि सणाला गावी येताना तेच लुगडं घेऊन आली. दोन-तीन वर्षं नेसून ते विरलं की त्याचं जुनेर झालं, आणि जुनेराची गोधडी. हातमागाला मारणारं कापड शेवटी हाताच्याच कामाला आलं. नऊवारी लुगड्याची लांबी गोधडीला सोयीची. वरखाली एकेक अखंड थर, मध्ये फाटकी धोतरं, सदऱ्यांच्या पाठी, पोरांचे झबले. कडेने सुरुवात करून धावदोरा आत आत नेत मध्यापर्यंत यायचं. टाके घट्ट पडले की कापडाला बारीक चुण्या येतात आणि त्या चुण्यांमध्ये हवा अडकते. गोधडीची ऊब म्हणजे ती अडकलेली हवा. कोकणात आणि कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. एका गोधडीवर तीन-चार बायका चारी बाजूंनी बसतात आणि प्रत्येकीच्या टाक्याची लांबी निराळी पडते. जाणती बाई नुसत्या टाक्यावरून सांगते की ही बाजू कुणाची.

अलीकडे लोणावळ्याच्या आणि पवना धरणाच्या परिसरातल्या बंगल्यांमध्ये गोधड्या भिंतीवर टांगलेल्या दिसतात, खाली नेमका पाडलेला पिवळा उजेड. वाईट दिसत नाहीत. पण भिंत गोधडीची एक बाजू गिळून टाकते, आणि जाणत्या बाईसाठी गोधडीची परीक्षा मागच्या बाजूनेच होते.

पांघरूण भिंतीवर जाण्याची ही गोष्ट मात्र नवी नाही, आणि तिचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मिळतं ते फिनलंडमध्ये. तिथे रुइयू नावाचं लोकरीचं जाड, गाठींचं पांघरूण असायचं. कोळी ते नावेत नेत, कारण ओलं झालं तरी ते ऊब देई आणि मेंढीच्या कातड्यासारखं खाऱ्या पाण्याने कडक होत नसे. थोडक्यात, फिनलंडचं घोंगडं. पुढे घरात ते नक्षीचं झालं, लग्नात मानाचं झालं. १८९९ मध्ये आक्सेली गालेन-काल्लेला या चित्रकाराने ‘ज्योत’ या नावाचं रुइयू बेतलं आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात फिनलंडच्या दालनात ते दिसलं. बाकावरून जमिनीवर उतरणारं ते रुइयू भिंतीवरून सुरू होत होतं.

याच फिनलंडमधली मारियान स्ट्रेंगेल ही विणकर १९३७ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या क्रॅनब्रुक अकादमीत गेली आणि पुढे तिथल्या विणकाम विभागाची प्रमुख झाली. मुंबईच्या नेली सेठना १९५८-५९ मध्ये तिथे तिच्याकडे शिकल्या. आधी मुंबईचं जे. जे., मग लंडन, मग क्रॅनब्रुक. काही वर्षांनी, १९६२ मध्ये, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया अमेरिकेत शिकवत असताना त्यांच्या पत्नी मोनिका यांची याच स्ट्रेंगेलशी गाठ पडली. मोनिकांचं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. स्ट्रेंगेलने त्यांना मागाची बाराखडी शिकवली. मुंबईतल्या आधुनिक विणकामाच्या दोन मोठ्या वाटा एकाच फिनिश बाईपाशी जाऊन मिळतात.

पण वाटा तिथे मिळत असल्या तरी माती इथलीच होती. १९५६ मध्ये मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झालं. यामागे हातमाग मंडळातल्या पुपुल जयकर होत्या. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकवायचा तर त्याला नवे नमुने हवेत, आणि ते देण्यासाठी चित्रकारांना नोकरीवर घ्यायचं, अशी कल्पना होती. आज हे फार साधं वाटतं. त्या काळी चित्रं विकून पोट भरत नसे, त्यामुळे केंद्राने एकाच वेळी विणकरांची आणि चित्रकारांचीही सोय केली. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात इथे नमुन्यांचं काम पाहत होते. अलिबागजवळच्या नागावात १९३६ मध्ये जन्मलेले प्रभाकर बरवे १९६१ मध्ये याच संस्थेच्या वाराणसी केंद्रात रुजू झाले आणि १९६५ मध्ये मुंबई केंद्रात आले. मराठी वाचक त्यांना ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकाने ओळखतात. कॅनव्हासमध्येही ताणा-बाणाच असतो, आणि मागाच्या इतक्या जवळ वर्षानुवर्षं बसणाऱ्या चित्रकाराला कोऱ्या कापडाबद्दल इतकं सुचावं याचं मला नवल वाटत नाही.

तरी केंद्रातली रचना जुनीच होती. कागदावर चित्रकार, मागावर विणकर. नेली सेठना आणि मोनिका कोरिया स्वतः मागावर बसल्या, तेव्हा फरक पडला. कोरियांनी केलेला प्रयोग ऐकायला किरकोळ वाटतो. मागावर फणी असते, ती ताण्याचे धागे समांतर आणि ठरलेल्या अंतरावर ठेवते, आणि तिच्याच ठोक्याने बाणा घट्ट बसतो. कोरियांनी विणताना मध्येच ती फणी काढून टाकली. उभे धागे मोकळे झाले, एकमेकांकडे झुकले, लांब गेले, वाऱ्याने हललेल्या भातासारखे वाकले. फणीविना मागावर काम म्हणजे लगामाविना घोडा. पण विणणाऱ्याला दर इंचाला निर्णय घ्यावा लागतो आणि तो कुठल्याच कागदावर आधी काढून ठेवता येत नाही. त्यांचं १९७२ चं ‘ओरिजिनल सिन’ आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

बाहेरच्या जगातही याच सुमाराला उलथापालथ चालली होती. फ्रान्समध्ये जाँ ल्युर्साने रंगांच्या हजारो छटा फेकून मोजक्या रंगांवर काम आणलं. त्याच्याच पुढाकाराने १९६२ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये टॅपेस्ट्रीचं पहिलं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक भरलं. तिथे पोलंडच्या माग्दालेना अबाकानोविचने राठ, जाड दोरांचं विणकाम लावलं आणि गुळगुळीत फ्रेंच टॅपेस्ट्रीची सवय असलेल्यांना दचकवलं. पुढे तिची कामं भिंत सोडून छतावरून लोंबू लागली. आपल्याकडे सुब्रमण्यन मुंबईहून बडोद्याला गेले. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, १९४९ मध्ये मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जींनी माग पूर्णच सोडला. सणाचा दोर आणि नुसत्या हाताच्या गाठी, बस्स. त्यातून माणसाहून उंच, देवतेसारख्या आणि थोड्या भीतिदायक आकृती उभ्या राहिल्या. गाय बांधण्याच्या दोराला असं बोलतं केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचा किस्सा इथे सांगायलाच हवा. टॅपेस्ट्रीला तो भटक्यांचं भित्तिचित्र म्हणे. आधुनिक माणूस घरं बदलत राहतो, भिंतीवर रंगवलेलं चित्र त्याला उचलून नेता येत नाही. विणलेली भिंत गुंडाळून काखेत मारता येते. चंदीगडच्या उच्च न्यायालयासाठी त्याने नऊ टॅपेस्ट्री बेतल्या, एक १४४ चौरस मीटरची आणि आठ प्रत्येकी ६४ चौरस मीटरच्या. काँक्रीटच्या दालनात आवाज घुमू नये हाही हेतू होता. विणल्या काश्मीरच्या कारागिरांनी. नाव राहिलं कॉर्बुझिएचं. गोबलँचीच रीत. आणि ‘भटक्यांची भिंत’ हा शोध लागेपर्यंत धनगर कित्येक शतकं आपली भिंत, छत आणि जमीन खांद्यावर टाकून घाट चढत-उतरत होते. त्यांना यासाठी शब्द घडवावा लागला नाही.

सोलापूरचंही एक वाक्य लिहायला हवं, खरं तर प्रकरण लिहायला हवं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तिथे चादर घडवली, आणि त्याच हातांनी शिवाजी महाराज, गणपती, कुणाकुणाची व्यक्तिचित्रं विणून भिंतीवर टांगली. कलादालनं त्यांना टॅपेस्ट्री म्हणत नाहीत, ‘वॉल हँगिंग’ म्हणतात. दोन शब्दांमधलं अंतर विणीचं नाही, पत्त्याचं आहे.

दरम्यान घोंगड्याचं काय झालं? मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली. भरपूर मांसाची आणि विरळ लोकरीची माडग्याळ जात कळपांत शिरली. दख्खनी लोकरीला भाव उरला नाही, आणि अनेक मेंढपाळांना कातरणीची मजुरीही त्यातून सुटेना. कातरलेली काळी लोकर रानातच टाकून कळप पुढे जातो. ज्या शहरांत आता हाताने विणलेल्या राठ लोकरीच्या भिंतपडद्यांना हजारांनी दाम मिळतो, त्यांतलं सगळ्यात जवळचं शहर त्या रानापासून दिवसभराच्या वाटेवर असतं.

गोधडीचं तसं झालेलं नाही, निदान अजून. पाऊस ओसरला, भात पोटरीला आलं आणि घट बसायला आठ-दहा दिवस उरले की मावळातल्या घरांमधली सगळी अंथरुणं-पांघरुणं बाहेर निघतात. इंद्रायणीच्या काठावर, पवनेच्या काठावर, गावच्या बंधाऱ्यावर बायका गोधड्या तुडवून धुतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पीळ घालतात, पाणी निथळतं, मग ती दगडांवर, झुडपांवर, पुलाच्या कठड्यावर पसरायची. उन्हाने लुगड्याचा रंग उडू नये म्हणून मागची बाजू वर. मागच्या बाजूला गाठी असतात, आणि कुठे कोण दोरा संपून थांबलं होतं ते.